अगुदर पानी पाहा

गाविलगड दाखवणारे बहुतेक जण दिल्ली दरवाज्यापाशी थांबतात. थांबण्यासारखंच आहे ते. दरवाज्यावर दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलेला आहे, शार्दूल आहेत. सुलतानी अमलातल्या किल्ल्यावर हा विजयनगरच्या बाजूचा पक्षी कसा आला, याची गोष्ट सांगणाऱ्यालाही आवडते आणि ऐकणाऱ्यालाही. फतहुल्ला इमाद-उल-मुल्क हा मूळचा कर्नाटकातला ब्राह्मणाचा मुलगा. बहमनींच्या लढाईत पकडला गेला, वऱ्हाडात वाढला, इथला सुभेदार झाला, आणि १४९०च्या सुमारास एलिचपुरात म्हणजे आजच्या अचलपुरात स्वतंत्र होऊन इमादशाहीचा पहिला सुलतान झाला. त्याच्या आधी, १४२५-२६ साली, अहमदशहा वली बहमनीनं हा किल्ला बांधला असं फरिश्ता लिहितो. त्याच्याही आधी इथं गवळ्यांची गढी होती, असं इकडचे लोक सांगतात, आणि किल्ल्याचं नावही तेच सांगतं.

मला ज्यांनी हा किल्ला पहिल्यांदा दाखवला, त्यांनी आम्हाला त्या दरवाज्यापाशी थांबू दिलं नाही. भराभरा आत नेलं आणि थेट देवतलावाच्या काठावर उभं केलं. "अगुदर पानी पाहा, मंग गोटे," असं ते म्हणाले. माझी पुढची सगळी नोकरी, म्हणजे बडनेऱ्याच्या वर्गांतून शिकवलेला भूगोल, या एका वाक्यावर उभी राहिली. त्यांचं माझ्यावर असलेलं ऋण लिहून ठेवायचं म्हणून आज बसले आहे.

आम्ही त्यांना मामा म्हणत होतो. ते कोरकू. चिखलदऱ्याच्या आसपासच्या एका गावचे. एरवी जंगलात आणि रस्त्याच्या कामावर मजुरी, आणि सुटीच्या दिवसांत कुणी आलं तर किल्ला दाखवायचा. त्यांचं नाव मी इथं देत नाही, कारण त्यांच्या घरच्यांची तशी इच्छा आहे.

त्यांचं ते वाक्य माझ्यात इतकं खोल का उतरलं, हे कळायला माझं आजोळ सांगायला हवं. आजोळ दर्यापूर तालुक्यातलं, ऐन खारपाणपट्ट्यातलं. ज्यांनी तो मुलूख पाहिला नाही त्यांना सांगते: अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णा वाहते, आणि तिच्या दोन्ही काठांना काळी, खोल, देखणी जमीन आहे. कापूस, ज्वारी, मूग, हरभरा सगळं पावसावर येतं. पण विहीर खणली की पाणी खारं. ते पिकाला दिलं तर जमीन बिघडते आणि माणसानं प्यायलं तर त्याचं पोट. आजी त्या पाण्यात डाळ लावायची तेव्हा डाळ शिजायची नाही. गोड्या पाण्याचा एक रांजण घरात वेगळा होता, त्याला आम्हा पोरांनी हात लावायचा नाही. त्यावर १९७२चा दुष्काळ आला. बडनेऱ्याला आम्ही रेल्वेवाल्यांच्या वस्तीत राहत होतो, वडील रेल्वेत होते, त्यामुळे आमचं तसं बरं भागलं. आजोळी मात्र आजीनं त्या वर्षी अंगण सारवणं बंद केलं होतं. सारवायला पाणी कुठून आणणार? ते उखडलेलं अंगण मला अजून दिसतं.

दुष्काळानंतरच्या हिवाळ्यात आमच्या शाळेची सहल चिखलदऱ्याला निघाली. बडनेरा, अमरावती, परतवाडा आणि मग घाट. एस.टी.त गाणी, डब्यांत पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी. किल्ल्याच्या पायथ्याशी उतरलो तेव्हा ठरलं की मुलगे वर जातील आणि मुली गाडीजवळ सावलीत बसतील. आत पडझड आहे, झाडोरा आहे, जनावर असतं, उगीच कुणाचा पाय मुरगळायला नको. आम्ही बसलो. त्या काळी असं सांगितलं की मुली बसत.

मामांनी आमच्याकडे पाहिलं आणि सरांना म्हणाले, "पोट्ट्याइनं किल्ला पाहाचा अन् पोरीइनं सावली राखाची काय, मास्तर? म्या हावो ना संग." आवाज चढवला नाही. फक्त पुढं चालायला न लागता तिथंच उभे राहिले. वाटाड्याच हलत नाही म्हटल्यावर सरांनी आम्हाला उठायची खूण केली.

हे माझं पहिलं देणं. दुसरं त्याहून मोठं आहे.

देवतलावाच्या काठी मामांनी सगळ्यांना गोल बसवलं. मातीचा एक लांबट ढीग केला, त्याच्या माथ्यावरून बोटानं रेघ ओढली आणि एका मुलाच्या वॉटरबॅगमधलं पाणी त्या रेघेवर हळूहळू ओतलं. पाणी फाटलं. थोडं या अंगाला उतरलं, थोडं त्या अंगाला. मग दक्षिणेला हात करून ते म्हणाले की हे पाणी तुमच्याकडं, पूर्णेला जातं. उत्तरेला हात केला: हे सिपना नदीला, तिथून तापीला. आम्ही बसलो होतो ती जागा म्हणजे ढिगाचा माथा. पाऊस पडतो तो याच माथ्यावर, आणि किल्ला बांधणाऱ्यानं त्याला उतरून जाण्याआधी इथंच अडवला, म्हणून इथं माणूस राहू शकला. भिंत मागाहून आली.

मी विचारलं, "मग दोन्ही पाणी कायमचं वेगळं होतं का?" मामांनी ढिगाच्या पश्चिमेच्या टोकाला बोटानं दोन्ही ओघळ एकत्र आणले. खाली खानदेशात भेटतात म्हणाले. पुढं नकाशा वाचायला लागले तेव्हा ती जागा मला सापडली: जळगाव जिल्ह्यातलं चांगदेव, पूर्णा आणि तापीचा संगम. पुस्तकात जलविभाजक म्हणून जे शिकवतात ते मी पुस्तकाच्या आधी ओल्या मातीत पाहिलं होतं. चंद्रभागा, शहानूर, सापन या नद्या मेळघाटातून खाली उतरून पूर्णेला मिळतात, हे कळल्यावर आजीचा रांजण आणि हा डोंगर पहिल्यांदा एका ओळीत आले. तोवर मला वाटायचं, खारं पाणी ही आमच्या गावाची कर्मकहाणी आहे. त्या दिवशी कळलं की तिला उतार आहे, दिशा आहे, कारण आहे.

दुपारी मामांनी स्वतःचं फडकं सोडलं. त्यात मक्याची भाकर होती, सोबत मिरची. आमच्या पोळ्या त्यांनी घेतल्या, त्यांची भाकर आम्हाला दिली. मेळघाटात मका आणि कोदो-कुटकी हे रोजचं खाणं आहे, हे मला त्या दिवसाआधी ठाऊक नव्हतं. मका ही मला पावसाळ्यात भाजून खायची चैन वाटायची.

मोठी झाल्यावर १८०३च्या लढाईबद्दल वाचलं. २९ नोव्हेंबरला अडगावच्या मैदानात नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि उरलेले लोक गाविलगडावर गेले. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली दक्षिणेकडून भिडला, पण ती बाजू कड्याची. खरा हल्ला उत्तरेकडून, लाबाडा गावाच्या अंगानं करायचा होता. त्यासाठी कर्नल स्टीव्हनसनच्या फौजेनं जड तोफा डोंगरदऱ्यांतून हातांनी ओढत नेल्या, आणि ज्या वाटेनं ओढल्या ती वाटही आधी त्यांनाच करावी लागली. तटाला भगदाड पडलं, १५ डिसेंबरला हल्ला झाला, आतल्या किल्ल्यावर शिड्या लागल्या, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला. माझ्या डोळ्यांपुढं मात्र हे सगळं वाचताना तळी येत होती. डिसेंबर म्हणजे पावसाळा सरून फार दिवस झालेले नाहीत, तळ्यांत पाणी असणारच. गाविलगड तहानेनं पडला नाही. तो बांधणाऱ्यांनी आपलं काम नीट केलं होतं. माझ्या वर्गात मी ही लढाई नेहमी याच बाजूनं सांगितली, आणि ती मुलांच्या लक्षात राहिली.

अमरावतीला बी.ए., बी.एड. केलं आणि बडनेऱ्यालाच शिक्षिका झाले. पहिल्या पगारातून मामांना धोतरजोडी घेऊन गेले. त्यांनी ती डोक्याला लावली, आत ठेवली आणि निघताना माझ्या पिशवीत मक्याची कणसं आणि मधाची बाटली घातली. मी नको म्हणाले तेव्हा मामी म्हणाल्या, "खाली हातानं धाडत नसते पोरीले." तेव्हापासून ते माहेर झालं. माझ्या वडिलांच्या तेराव्याला मामा एस.टी. बदलत बदलत बडनेऱ्याला आले. गर्दीत एका बाजूला बसून राहिले, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना गाव दाखवायला निघाले. जुनी वस्ती, नवी वस्ती, स्टेशन. आपल्या गावाला जुन्या कागदांत बडनेरा बीबी म्हणत, कुण्या शहजादीच्या आंदणात गेलेला परगणा होता हा, असं मी मोठ्या अभिमानानं सांगितलं. जिनिंगमध्ये सरकीपासून रुई वेगळी होताना त्यांनी बराच वेळ पाहिली. घरी आल्यावर नळाचं पाणी प्याले आणि विचारलं, "हे कोठचं?" सिंभोऱ्याचं, अप्पर वर्धा धरणाचं, मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. परीक्षा घेतली होती आणि मी पास झाले होते, असं मला वाटलं.

मामा गेल्यावर काही वर्षांनी मुलीकडे, अमेरिकेत ह्यूस्टनला गेले. तिनं सुटी काढून मला मेक्सिकोत, युकातानला नेलं. मेरिदा शहरातून एका दिवसाची सहल होती: सकाळी बस, सोबत वाटाड्या, प्राचीन माया लोकांचं ऊश्माल नावाचं उजाड नगर पाहायचं आणि संध्याकाळी परत. वाटाड्या पन्नाशीचा, स्वतः माया. घरी मायाच बोलतो म्हणाला, स्पॅनिश शाळेत शिकला, इंग्रजी प्रवाशांकडून.

ऊश्माल सुंदर आहे, आणि हा शब्द मी जपून वापरते. पस्तीसेक मीटर उंच पिरॅमिड, त्याचे कोपरे गोलसर. एका बुटक्या जादूगारानं तो एका रात्रीत उभारला अशी तिकडची कथा आहे. एका रात्रीत बांधलेली देवळं आपल्याकडे गावोगाव आहेत, त्यामुळे मला ती कथा लगेच घरची वाटली. राज्यपालाचा वाडा म्हणतात ती इमारत शंभर मीटरच्या आसपास लांब, आणि तिच्या दर्शनी भिंतीवर कोरीव दगडांची जाळी. घोडा नाही, बैल नाही, लोखंडाचं हत्यार नाही, आणि तरी हे घडवलेलं. सगळे फोटो काढत होते. मी वाटाड्याला विचारलं, "इथं पाणी कुठं होतं?"

तो थांबला. म्हणाला, हा प्रश्न लोक परत जाताना विचारतात, तोही प्यायची बाटली संपली म्हणून. मग त्यानं खाली वाकून उघड्या चुनखडीच्या दगडावर आपल्या बाटलीतलं पाणी ओतलं. पाणी पसरलं नाही, ओघळलं नाही. दगडाच्या भेगांत शिरलं आणि नाहीसं झालं. उत्तर युकातानात जमिनीवरून वाहणारी नदीच नाही, सगळं पाणी चुनखडीतून खाली जातं. उत्तरेकडच्या सपाटीवर जमीन खचून त्या पाण्याची तोंडं उघडतात, त्यांना सेनोते म्हणतात, आणि चिचेन इत्साचं मोठं नगर तशाच कुंडांभोवती वसलं. ऊश्मालच्या टेकड्यांत पाणी इतकं खोल की सेनोतेही नाहीत. पाऊस मात्र वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आमच्या बडनेऱ्यापेक्षा जास्त. पाऊस जास्त आणि पाणी नाही, हे पाहून माझ्या अंगावर काटा आला, कारण आजोळी पाणी होतं आणि पिता येत नव्हतं.

मग त्यांनी काय केलं? त्यानं आम्हाला फोटोंच्या गर्दीपासून दूर नेलं आणि जमिनीतलं एक गोल तोंड दाखवलं. चुल्तुन. वर अरुंद, खाली पोट सुटलेलं टाकं, आतून चुन्याचा गिलावा, आणि भोवताली फरसबंद अंगण असं उतरतं केलेलं की पडलेला प्रत्येक थेंब तोंडाकडे यावा. एकेका टाक्यात हजारो लिटर पाणी मावायचं. पावसाळा मे ते ऑक्टोबर, पुढचे सहा महिने या साठ्यावर काढायचे. वाड्याच्या भिंतीवर, कोपऱ्यांवर, जिथं तिथं लांब वळलेल्या नाकाचा जो चेहरा आहे तो चाक, पावसाचा देव. शंभरावर मुखवटे. नाही पडला तर सगळं संपलं, म्हणून इतक्या वेळा त्याला हाक मारलेली. आणि नवव्या-दहाव्या शतकांत तो पुन्हा पुन्हा पडला नाही, याचा पुरावा युकातानातल्याच चिचानकानाब तळ्याच्या गाळात सापडला आहे. त्याच काळात दक्षिणेकडची मोठी माया नगरं एकेक करून ओस पडली. पुढं ऊश्मालही ओस पडलं. नगरं ओस पडण्याला लढाया होत्या, राजकारणही होतं, पण गाळातला तो कोरडा थर मला बेनीसिंगाच्या तटातल्या भगदाडाहून भयंकर वाटला.

बसमध्ये मी मुलीमार्फत त्याला विचारत राहिले. त्याच्या गावी अजून पाऊस लांबला की चाकासाठी विधी करतात, आणि त्यात लहान मुलं वेदीच्या पायांशी बसून बेडकांसारखी ओरडतात. मी जवळजवळ उभीच राहिले. आमच्याकडे पोरं अंगाला कडुनिंबाचा पाला बांधून, काठीला बेडूक लटकवून घरोघर धोंडी मागतात आणि बायका त्यांच्यावर तांब्याभर पाणी ओततात, हे मी सांगितलं. त्यानं ते दोनदा सांगायला लावलं. जेवायला मक्याच्या पातळ भाकरी आल्या. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, मग वाटून केलेल्या. या पिकाची सुरुवातच मेक्सिकोतली, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची, आणि तिथून जगभर फिरत ते मामांच्या फडक्यापर्यंत पोचलेलं. त्याहून नवल पुढं होतं. रस्त्याकडेच्या एका झुडपाला पांढरी बोंडं होती. वाटाड्या म्हणाला, हा इथला कापूस, किनाऱ्याकडे रानातही उगवतो. आज वऱ्हाडात जो कापूस पेरतात, बीटीचा असो की त्याआधीचा संकरित, तो बहुतांशी याच जातीचा. आपला देशी कापूस वेगळा, त्याचं क्षेत्र आता थोडं राहिलं. बडनेऱ्याच्या जिनांतून गाठी बांधून आयुष्य काढलेल्या किती माणसांना या झुडपाचं घर ठाऊक होतं? मामांना ते सांगायला मिळालं असतं तर त्यांनी पहिलं काय विचारलं असतं, हेही मला माहीत आहे: तिथं त्याला पाणी कोण देतं?

मी वाटाड्याला मामांबद्दल सांगितलं. गाविलगड, मातीचा ढीग, माथ्यावरची रेघ, सगळं. त्यानं विचारलं, त्यांना या कामाचे पैसे किती मिळत? मी खरं ते सांगितलं: लोक जे देत ते. तो म्हणाला, आमच्याकडेही बापाच्या वेळी तसंच होतं.

हे मला टोचलं आणि टोचत राहिलं पाहिजे. गाविलगड पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात आहे. तटबंदीची, वाघांची, प्रवाशांची मोजदाद होते. पण कोणत्या तळ्यात कुठल्या महिन्यापर्यंत पाणी टिकतं, कोणता झरा कोणत्या साली आटला, हे ज्यांना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे त्या कोरकू माणसांना या किल्ल्याचे जाणकार म्हणून मान आणि नीट मेहनताना मिळावा, एवढं मी जिथं बोलायला मिळेल तिथं बोलते. त्यांचं ज्ञान फुकट घेऊन आम्ही शिक्षक झालो.

आजोळी आता नळ आहे. शहानूर धरणाचं पाणी नळयोजनेतून दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात येतं. म्हणजे मामांनी माझ्यासमोर मातीच्या ढिगावरून दक्षिणेला सोडलेलं तेच पाणी. आजी ते प्यायला राहिली नाही. मामेभावाच्या घरी डाळ शिजते.

निवृत्तीनंतरही दर हिवाळ्यात बडनेऱ्याच्या मुला-मुलींची एक तुकडी घेऊन गाविलगडावर जाते. आता किल्ला दाखवते मामांची नात. ती पदवीधर आहे, मराठी, हिंदी, कोरकू तिन्ही सफाईनं बोलते, आणि आजोबांच्यासारखीच दिल्ली दरवाजा परतीच्या वाटेवर ठेवते. मातीचा ढीग मात्र ती स्वतः करत नाही, मुलींना करायला लावते, आणि रेघ चुकली तर पाणी ओतू देत नाही. गेल्या खेपेला तिनं आमच्या मुलांना विचारलं की तुमच्या बडनेऱ्यात जुन्या विहिरी किती, आणि त्यातल्या गोड्या किती? कुणालाच सांगता येईना. मग ती मला म्हणाली, "आजी, मी येतो तिकडं. तुमचं गाव तुमच्या पोरांनीच दाखवावं मले."

ती आली. आता जुन्या वस्तीतल्या विहिरींची नोंद चालू आहे. मुलं दोरीला दगड बांधून खोली मोजतात, म्हाताऱ्या बायकांना विचारून वहीत लिहितात की बहात्तरला कोणत्या विहिरीला पाणी होतं. काही बुजवल्या आहेत, काहींवर घरं झाली आहेत. एका आजींनी तर स्वयंपाकघरातली फरशी दाखवून सांगितलं, इथं खाली आहे. मे महिन्यात पाणी सगळ्यांत खाली जाईल तेव्हा पुन्हा मोजणी आहे, आणि तिच्यासाठी मामांची नात चार दिवस माझ्याकडे मुक्कामाला येणार आहे.